‘ॲस्टरॉइड्स’ घूं-घूं करतोय?

अटारीच्या ‘ॲस्टरॉइड्स’ (१९७९) या आर्केड खेळाच्या यंत्रातली घूं-घूं बहुतेकदा वीजपुरवठ्यातून येते. अमेरिकेतली ६० हर्ट्झची वीज डायोडांतून गेली की १२० हर्ट्झची लहर उरते. ती सपाट करतो यंत्राच्या तळाशी बसवलेला निळा, डब्याएवढ्या आकाराचा कपॅसिटर. सुमारे २७ हजार मायक्रोफॅरडच्या या कपॅसिटरला दुरुस्तीवाले ‘बिग ब्लू’ म्हणतात. वयानुसार तो आतून सुकतो. मग आवाज घुमतो आणि कधी खेळ मध्येच रीसेटही होतो.

आधी व्हॉल्यूम शून्यावर न्या. घूं तशीच राहिली, तर बिग ब्लू किंवा ऑडिओ रेग्युलेटर बोर्डावरच्या टीडीए२००२ ॲम्प्लिफायरचा परिसर तपासा. व्हॉल्यूमबरोबर कमी झाली, तर गेम बोर्डाकडे वळा. व्हॉल्यूम फिरवतानाच खरखर होत असेल, तर पोटेन्शिओमीटर मळलाय, एवढंच. नवे आयसी मागवण्याआधी (घाई सगळ्यांनाच असते) यंत्र बंद करून एज कनेक्टरचे काळवंडलेले पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा.

मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबवर मात्र प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट टिकून राहू शकतात. सवय नसेल, तर तिकडे हात घालूच नका.