बोली ग्राहकाची, दर गुप्त

लिलाव म्हटला की हातोडा उगारून ‘एकवार, दोनवार’ पुकारणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तेथे प्रत्येकाची बोली प्रत्येकाच्या कानी पडते. १९९८ साली अमेरिकेत जे वॉकर यांच्या प्राइसलाइन कंपनीने याच्या अगदी उलट पद्धत इंटरनेटवर आणली. किंमत ग्राहकाने सांगायची. शहर, त्यातील विभाग, हॉटेलचा तारांकित दर्जा व तारीख निवडून बोली लावायची. क्रेडिट कार्डाचा क्रमांक आधीच द्यायचा. हॉटेलचा किमान दर गुप्त असे. बोली त्या दरापर्यंत पोहोचली की पैसे तत्क्षणी वळते होत, हॉटेलचे नाव त्यानंतर कळे आणि रक्कम परत मिळत नसे. बोली नाकारली गेली तर तीच मागणी चोवीस तास पुन्हा करता येत नसे. बोली व हॉटेलचा दर यांतील फरक प्राइसलाइनकडे राही. या साऱ्या व्यवहाराचा पाया ग्राहकाचे अज्ञान हाच होता, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही.

हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या डॉक्टरांना परिषदेसाठी शिकागोत खोली हवी होती आणि त्यांच्या लेखी तिचे मोल १०० डॉलर होते. गुप्त दर ४० ते १०० यांच्या दरम्यान कोठेही, सारख्याच शक्यतेने, असू शकेल एवढेच त्यांना ठाऊक. अशा स्थितीत सर्वांत शहाणपणाची बोली ७० ची ठरते. यशाची शक्यता निम्मी आणि यश मिळाल्यास बचत ३० डॉलरची. म्हणजे सरासरी लाभ १५. आता त्यांना कोणी सांगितले, की काल त्याच विभागात, त्याच दर्जासाठी ५० नाकारले गेले व ५५ स्वीकारले गेले. दर बदलला नसेल तर ५५ पुरेसे होतात आणि लाभ ४५ वर जातो. येथे नाकारल्या गेलेल्या ५० चे महत्त्वही ५५ इतकेच आहे. निदानात निगेटिव्ह रिपोर्टचे असते तसे.

विभाग वा दर्जा वाढवला तर मात्र त्याच दिवशी पुन्हा बोली लावता येई. ज्या विभागात चार तारांचे हॉटेलच नाही तो जोडला, तर नको त्या ठिकाणी खोली पदरी पडण्याचा धोका नसे आणि एक संधी जास्त मिळे. कोठे काय नाही, ही यादी एकट्याने जमवणे कठीण. दहा जणांनी मिळून ती सहज तयार होते.

परंतु अशा सांगोवांगीच्या आकड्यांना एक जुना रोग आहे आणि तो आपल्या व्यवसायाला चांगला परिचित आहे. ५५ ला खोली मिळालेला ग्राहक उत्साहाने सांगतो. ६५ नाकारले गेलेला गप्प राहतो. ९० मोजून बसलेला तर बहुधा तोंडच उघडत नाही. यशस्वी चाचण्याच तेवढ्या छापून आल्या की औषधाचा गुण फुगलेला दिसतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय दर स्थिर नसतो. शहरात मोठे अधिवेशन भरले की कालचे ५५ आज निरुपयोगी.

विक्रेत्याची बाजूही पाहिली पाहिजे. रिकामी खोली तर जावी, पण जाहीर दराला धक्का लागू नये, यासाठी हॉटेले नाव झाकून विकण्यास राजी होत. ९० देण्यास तयार असलेलेही ५५ वरच थांबू लागले, तर किमान दर वर नेणे किंवा या मार्गाने कमी खोल्या देणे, हेच उपाय त्यांच्या हाती उरतात. दर वाढले तरी जाणकार मंडळी नवा आकडा लवकरच शोधून काढतात. अंदाजाने बोली लावणाऱ्याची मात्र बोली अधिक वेळा नाकारली जाते. आपसांत वाटलेल्या माहितीचा हा परिणाम मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

२०१६ साली प्राइसलाइनने विमानतिकिटांसाठी ही पद्धत बंद केली. दर उघड दाखवून केवळ हॉटेलचे नाव झाकण्याची रीत तिने त्यापूर्वीच सुरू केली होती. तीत बोलीच नसल्यामुळे इतरांना विचारण्याजोगा प्रश्न एकच उरला : हे हॉटेल कोणते?