गाठ चिकूएवढी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आकडे सेंटिमीटरमध्ये असतात आणि घरात कोणी सेंटिमीटरमध्ये विचार करत नाही. डहाणूच्या बाजूला तर मापाला फळंच बरी. पाळी सुरू झालेल्या मुलीच्या अंडाशयात साधारण दर महिन्याला एक पाण्याचा फोड वाढतो. फुटायच्या वेळी तो बोराएवढा, म्हणजे दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा असतो. त्याच्या आत बीज असतं. फोड फुटला की बीज बाहेर पडतं, उरलेलं टरफल पिवळं पडून काही दिवस संप्रेरक बनवतं आणि सुकून जातं. पण एखाद्या महिन्यात फोड फुटत नाही, फुगतच राहतो आणि लिंबाएवढा, कधी चिकूएवढा होतो. किंवा फुटतो, पण मागे राहिलेल्या टरफलात पाणी नाहीतर रक्त साठतं. रिपोर्टवर येणारा ‘सिस्ट’ हा शब्द बहुतेक वेळा याच दोहोंपैकी एकासाठी असतो. आपण त्याला ‘पाण्याची गाठ’ म्हणतो. त्यातलं ‘पाण्याची’ गळून पडतं, ‘गाठ’ तेवढी कानात राहते आणि घर हादरतं.

गंजाड हे डहाणूहून चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे दूरदूर माहीत झालेलं. तिथल्या एखाद्या पाड्यावरची एकोणीस वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणू. ओटीपोटात उजवीकडे महिनाभर ठणका आहे, पाळी पुढे गेली आहे, पोट फुगल्यासारखं वाटतं. कदाचित आधी भगताकडे जाऊन झालं असेल. मग गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथून चिठ्ठी घेऊन डहाणूचं किंवा कासाचं उपजिल्हा रुग्णालय.

पहिली अडचण पोटाची नसते, लोकांच्या नजरेची असते. सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची तपासणी हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. त्यात खोलीबाहेर गर्भलिंग निदान केलं जात नाही, असा कायद्याने लावलेला मोठा फलक. त्या फलकाखाली लग्न न झालेल्या मुलीने बसायचं म्हणजे काय, हे बसणारीलाच कळतं. बरोबर आई, वहिनी किंवा आशाताई असली तर निम्मा भार हलका होतो. डॉक्टर गरोदरपणाची लघवीची चाचणीही करायला सांगतात. तिचा राग मानू नये. पोटात दुखणाऱ्या कोणत्याही तरुण स्त्रीची ती करतात, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर तो जिवावर बेततो आणि त्याचं दुखणं याच दुखण्यासारखं असतं. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी सहसा पोटावरूनच होते. त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी थांबवून ठेवायची. भरलेल्या मूत्राशयाच्या पाण्यातून मागचं अंडाशय स्पष्ट दिसतं.

रिपोर्टमध्ये पाहायच्या गोष्टी दोनच, गाठ केवढी आहे आणि तिच्या आत काय आहे. आत नुसतं पाणी, भिंत पातळ, पडदे नाहीत, घट्ट भाग नाही, तर ती साधी गाठ. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचा सल्ला असा, की पाळी चालू असलेल्या स्त्रीची साधी गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बहुधा तिचा पाठपुरावाही करावा लागत नाही. पाच ते सातच्या मधली वर्षाने पुन्हा पाहावी. सातच्या वर गेली तर आणखी तपासण्या किंवा शस्त्रक्रियेचा विचार करावा. म्हणजे मध्यम चिकूपर्यंतची पाण्याची गाठ बव्हंशी आपली आपण विरते, दोन-तीन पाळ्यांत. आपल्याकडचे डॉक्टर सहसा दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफीला बोलावतात, आणि तेही योग्यच.

पण इथेच गाडं अडतं. दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी घरं वीटभट्टीला, बोटीवर, वापी-उंबरगावच्या कामांना निघतात. तीन महिन्यांनी या, असं डॉक्टर सांगतात तेव्हा मुलगी भिवंडीच्या बाजूला विटा थापत असते. ‘वाट पाहा’ हा उपचारच आहे, पण तारीख पाळली तर. म्हणून पुढची तारीख कागदावर लिहून घ्यावी, रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावा आणि जिथे काम असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवावा. जुना आकडा समोर असला की नव्या डॉक्टरला गाठ वाढली की आटली हे लगेच कळतं.

वाट पाहताना दुखलं तर शेक आणि पॅरासिटामॉल पुरतं. दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. गर्भनिरोधक गोळ्यांनी आहे ती गाठ लवकर विरते, असा समज डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होता. अभ्यासांत तसं आढळलं नाही. त्या गोळ्या पुढच्या गाठी होऊ न देण्यासाठी कामाच्या. आणि त्या सुरू करण्याआधी घरात सिकलसेलचा आजार असेल तर सांगायचं. पालघरच्या आदिवासी पट्ट्यात तो आढळतो, आणि गोळ्या कोणत्या द्यायच्या व भूल कशी द्यायची हे दोन्ही त्यावर ठरतं.

वाट पाहायची नाही, अशीही वेळ येते. जड झालेली गाठ अंडाशयासकट आपल्या देठावर पीळ खाते आणि रक्त पोचायचं बंद होतं. अचानक, एका बाजूला, जीव नकोसा करणारी कळ आणि तिच्या जोडीला ओकाऱ्या. कधी कळ येते, थांबते, पुन्हा येते. कधी गाठ फुटून पोटात रक्तस्राव होतो. मग चक्कर, घाम, चेहरा पांढराफटक. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा. पीळ काही तासांत सोडवला तर काळंनिळं दिसणारं अंडाशयही पुष्कळदा वाचतं. ते काढून टाकण्याची घाई आता चांगले सर्जन करत नाहीत.

सगळ्या गाठी पाण्याच्या नसतात. तरुण मुलींत डर्मॉइड नावाची गाठ बऱ्यापैकी आढळते. तिच्यात चरबी, केस, कधी चक्क दात असतात. हे ऐकून कोणी करणी-भुताटकीचं नाव काढलं तर नवल नाही, पण कारण साधं आहे. बीजपेशीत शरीराचा कुठलाही भाग घडवण्याची क्षमता असते आणि तीच भलत्या ठिकाणी जागी होते. ही गाठ विरत नाही. हळूहळू वाढते आणि पीळ पडायची भीती राहते, म्हणून मोठी झाली की काढतात. दुसरी चॉकलेट सिस्ट. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर अंडाशयात रुजतं, दर पाळीला तिथे रक्त साठतं आणि जुनं होऊन काळपट, दाट होतं. या मुलींची पाळी भयंकर दुखते आणि ‘बाईच्या जातीला सोसावंच लागतं’ म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षिली जाते. या गाठीवर आधी औषधं असतात. शस्त्रक्रिया विचार करून करायची, कारण गाठीबरोबर थोडी चांगली बीजंही जातात.

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) मात्र या यादीतलं नाही, नावात ‘सिस्ट’ असली तरी. तिथे दिसतात ते अर्धवट वाढून थांबलेले बारीक फोड, तांदळाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे. ते कापून काढायचे नसतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील तर केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करूच नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या वयात अंडाशय तसंच दिसू शकतं.

आणि कॅन्सर? पाळी चालू असलेल्या वयात अशा गाठींमध्ये तो हजारात एखादीत सापडतो. गाठीत घट्ट भाग, पडदे, पोटात पाणी असं दिसलं तर रक्ताच्या तपासण्या करतात. त्यातल्या सीए-१२५ या तपासणीचा आकडा चॉकलेट सिस्टमध्येही वाढतो आणि पोटाच्या क्षयातही, आणि क्षय आपल्याकडे दुर्मिळ नाही. तेव्हा एका आकड्यावर कोणी निकाल देऊ नये.

निकाल देऊन मोकळं होणं काय करतं, ते बीडमध्ये दिसलं. २०१९ मध्ये तिथल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पोटात दुखतंय, पांढरं जातंय, गाठ आहे, ‘पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असं सांगितलं गेल्याचं त्यातल्या अनेकींनी सांगितलं. आपल्या बोलीत गर्भाशयही पिशवी आणि गाठही पाण्याची पिशवी. या घोळात काय काढलं जाणार आहे, हेच बाईला कळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी विचारायचं, नुसती गाठ काढणार की अंडाशयही? गर्भाशयाला हात लावणार का? तरुण मुलीची साधी गाठ असेल तर उत्तर ‘फक्त गाठ’ असायला हवं. नाहीतर कारण विचारायचं, आणि दुसऱ्या डॉक्टरलाही. नुसतं सुईने पाणी काढून घ्या, असं कोणी म्हणालं तर त्याने भागत नाही, गाठ पुष्कळदा पुन्हा भरते.

शस्त्रक्रिया दुर्बिणीने केली तर दोन-तीन छोटी छिद्रं, एक-दोन दिवस दवाखान्यात आणि दोनेक आठवड्यांत हलकी कामं. पोट उघडावं लागलं तर महिना-दीड महिना हंडा उचलायचा नाही, हे सासर-माहेर दोघांनाही सांगून ठेवावं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात जायचं तर रेशनकार्ड आणि आधार बरोबर हवं.

मूल होईल का, हा प्रश्न आई दारात उभी राहून, मुलीला बाहेर पाठवून विचारते. ज्या घरात लग्नाच्या चौकात सुफलतेची पालघट देवी काढतात, तिथे तो विचारला जाणारच. गाठ गेली आणि अंडाशय राहिलं तर सहसा काही अडत नाही. एक अंडाशय गेलं तरी दुसरं पाळीही चालवतं आणि गर्भही राहू देतं.

काढलेली गाठ तपासणीला जाते आणि तिचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. टाके निघाले, दुखणं थांबलं की तो आणायला कोणी जात नाही आणि तो दवाखान्याच्या कपाटात पडून राहतो. घरी सोडतात त्याच दिवशी ठरवावं, डहाणूला बाजाराला कोण जाणार आहे आणि येताना तो कागद कोण घेऊन येणार आहे.