ओट्स गोड करायचे, पण कशानं?

आज विषय साधा वाटेल, पण आमच्या घरात यावरून दोन दिवस अबोला होता.

झालं असं. बाबांची शुगर निघाली. एचबीएवनसी ७.४. मी तेव्हा वर्क फ्रॉम होम म्हणून खामगावलाच होतो. लगेच ओट्सची पाकिटं मागवली, रोज सकाळी स्वतः करायला लागलो. साखर बंद! त्याऐवजी गुळाची पावडर दोन मोठे चमचे, वरून मध एक चमचा. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला ७.८. बाबा काही बोलले नाहीत, फक्त कागद माझ्या लॅपटॉपवर ठेवून गेले.

आई म्हणे, "काऊन रे, गुळानं काय होते? आम्ही तं जन्मभर खाल्ला." मलाही तसंच वाटायचं. पण गुळात लोह आणि खनिजं थोडीफार असली तरी बहुतेक भाग साखरच असतो, आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. मधाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना मधातली साखरसुद्धा वरून घातलेल्या साखरेतच मोजते. तिच्या २०१५ च्या सल्ल्यानुसार अशी साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. मी एका वाटीतच जवळजवळ तेवढी देत होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलचं नाव बदललं, व्हॅल्यू तीच. (सगळा दोष गुळाचा असेलच असं नाही, पण माझा वाटा होताच.)

शिवाय फ्लेवरवालं पाकीट. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, त्यामुळे साखर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असेल तर समजून जा. साधे, जाड रोल्ड ओट्स घ्या. एकदम बारीक इन्स्टंटवाले लवकर पचतात आणि साखरही लवकर वर नेतात.

आता मी काय करतो ते ऐका. ओट्स कढईत कोरडेच भाजतो, खमंग वास सुटेपर्यंत. मग पाणी, थोडं दूध आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका! त्यानं कडवटपणा दबतो आणि आहे तो गोडवा वर येतो. मग वेलची, जायफळ किंवा दालचिनी. यांच्यात साखर नसते, पण हे वास आपण खीर आणि शिऱ्याशी जोडलेले असतात, त्यामुळे मेंदूला गोड खाल्ल्यासारखं वाटतं. वासाची गंमत आहे ही सगळी.

फळ घालायचं तर अर्धं केळ कुस्करून. शेजारचा जळगाव जिल्हा केळीचाच, त्यामुळे आपल्याकडे तोटा नाही. फार काळं पडलेलं नको, पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. खजूर एखादाच, कारण त्यात निम्म्याहून जास्त साखर असते. वरून भाजलेले शेंगदाणे, जवस, तीळ. त्यातल्या फॅट आणि प्रोटीनमुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. आणि हो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, तो वेगळाच धोका आहे. शुगरची गोळी चालू असेल तर खाण्यातला बदल डॉक्टरांना सांगूनच करा.

एवढं सगळं केलं, बाबा दोन दिवस खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी वाटी सरकवली. मग आईनंच तेलात जिरं, मिरची, कढीपत्त्याची फोडणी दिली, त्यात कांदा आणि तेच भाजलेले ओट्स. ताटात ताकाची वाटी आणि ठेचा. बाबांनी पहिला घास घेतला अन् म्हणाले, "हे तं कण्यावानीच लागते बे."

ज्वारीच्या कण्या खाऊन मोठा झालेला माणूस. त्याला गोड नाश्ता हवा होता कुणी सांगितलं होतं मला? मीच रील्स बघून ठरवलं होतं. आता आठवड्यातले चार दिवस तिखट ओट्स, दोन दिवस खऱ्याखुऱ्या कण्या, आणि रविवारी वेलचीवाले, तेही माझ्यासाठी.

पुढची टेस्ट पुढच्या महिन्यात आहे. आकडा आला की सांगतो.