ग्रहदर्शनासाठी दुर्बीण कशी निवडावी?

शाळेला दुर्बीण भेट देण्याची इच्छा काही माजी विद्यार्थ्यांनी आमच्याजवळ व्यक्त केली आहे. कोणती घ्यावी, हा त्यांचा प्रश्न आहे. उत्तर देण्यापूर्वी आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी खोक्यावर छापलेला '५२५ पट' हा आकडा पाहून आम्ही ६० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण आणली. तिची तिपाई लटलटत होती. शनी म्हणजे थरथरणारा पिवळसर ठिपका दिसे. "सर, यात काहीच दिसत नाही," असे म्हणून मुले झोपायला गेली. मुलांचे म्हणणे खरे होते.

दुर्बीण किती पट मोठे दाखवते, हे ठरवणे सोपे आहे. मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागावे. नेत्रिका बदलून हा आकडा हवा तितका फुगवता येतो. परंतु व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे दोन पट, ही उपयुक्ततेची मर्यादा होय. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीस १२० पट पुष्कळ झाले. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, स्पष्ट होत नाही. म्हणून पहिला प्रश्न 'किती पट?' हा नसून 'व्यास किती?' हा असावा. १५० मिलिमीटरचा आरसा ६० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सुमारे सहा पट प्रकाश गोळा करतो आणि अधिक बारीक तपशील दाखवतो.

भिंगाच्या स्वस्त दुर्बिणीत तेजस्वी ग्रहांभोवती रंगीत कडा दिसतात. न्यूटनने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण तयार केली, तिच्यात हा दोष नाही. तीच नळी जमिनीलगतच्या भक्कम लाकडी बैठकीवर ठेवण्याची साधी रचना अमेरिकेतील जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केली. रस्त्याने जाणाऱ्या सामान्य माणसांना ते अशाच दुर्बिणीतून आकाश दाखवीत. पृथ्वीच्या परिवलनामुळे ग्रह दृष्टिक्षेत्रातून सरकत राहतो. अशा वेळी नळी हाताने हळूच ढकलावी लागते. मुले ते सहज शिकतात.

आमची शिफारस अशी : १५० मिलिमीटर व्यास, १२०० मिलिमीटर नाभीय अंतर, डॉब्सन पद्धतीची बैठक. २५ मिलिमीटरची नेत्रिका ४८ पट, तर १० मिलिमीटरची १२० पट मोठे दाखवील. त्यातून शनीची कडी, गुरूवरील पट्टे व चार मोठे चंद्र आणि शुक्राच्या कला दिसतात. मंगळाचा तपशील मात्र तो पृथ्वीजवळ येतो तेव्हाच, म्हणजे साधारण २६ महिन्यांनी, नीट दिसतो. अवकाशयानांनी काढलेल्या छायाचित्रांची अपेक्षा ठेवू नये.

काही पथ्येही आहेत. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढावी, म्हणजे आरसा निवतो. दिवसभर तापलेल्या स्लॅबऐवजी मैदान बरे. पावसाळ्यात आरशावर बुरशी धरू नये म्हणून ती कोरड्या जागी झाकून ठेवावी. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये; क्षणात दृष्टी जाईल.

इतिहासाचे शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. गॅलिलिओने १६१० मध्ये शनी पाहिला. पण त्याला कडी ओळखता आली नाही, तीन गोल जवळजवळ असल्यासारखे वाटले. अधिक चांगल्या दुर्बिणीच्या साहाय्याने हायगेन्सने १६५९ मध्ये कडीचा उलगडा प्रसिद्ध केला. साधन अपुरे असेल तर गॅलिलिओलाही दिसत नाही. मग त्या रात्री निराश होऊन झोपायला गेलेल्या आमच्या मुलांचा काय दोष?

ज्या शनीच्या साडेसातीची भीती आजही अनेक घरांत घातली जाते, तोच शनी आमच्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. पाहिलेल्या गोष्टीची भीती घालणे कठीण असते. देणगीदार बंधुभगिनींनी खोक्यावरचा आकडा पाहू नये, व्यास विचारावा आणि पहिल्या रात्री स्वतः रांगेत उभे राहण्यास अवश्य यावे.