पडदा काळा का झाला?

२००१ साली आमच्या प्रयोगशाळेतील विंडोज ९८ च्या संगणकाचा पडदा फार लुकलुकत असे. म्हणून आम्ही रिफ्रेश रेट, म्हणजे दर सेकंदाला चित्र पुन्हा रेखाटण्याचा वेग, वाढवला. पडदा काळा! आत कित्येक महिन्यांच्या नोंदी होत्या. बंद-चालू करून उपयोग होईना. नवा वेग हार्ड डिस्कवरील रजिस्ट्रीत लिहिला गेला होता. मात्र सुरुवातीची पांढरी अक्षरे दिसत होती. म्हणजे मॉनिटर शाबूत होता, त्याला फक्त तो वेग झेपत नव्हता. सुरू होताना कंट्रोल कळ दाबून धरली आणि यादीतून ‘सेफ मोड’ निवडला. हा मोड आपली निवड बाजूला ठेवून ६४० × ४८० ठिपके व १६ रंगांवर भागवतो. चित्र ओबडधोबड, पण बहुतेक कोणत्याही मॉनिटरला पेलणारे. आधी नोंदी फ्लॉपीवर उतरवल्या, मग वेग कमी केला.