मत्स्यटाकीचा नवजात काळ

समुद्री माशांची टाकी बाळगण्याची हौस आता केवळ किनाऱ्यावरच्या शहरांपुरती राहिलेली नाही. कृत्रिम सागरी क्षार, पंप, उष्णतामापक आणि पाणी तपासण्याचे संच आपल्या बडोद्यातही मिळू लागले आहेत. अनेक दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षांत आणि काही हौशी घरांत अशा टाक्या दिसतात. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा ‘वैद्यकाबाहेरचे काही लिहा’ अशी सूचना केली, म्हणून मी हा विषय घेतला. लिहावयास बसल्यावर मात्र ध्यानात आले की, हा विषय वैद्यकाच्या बाहेरचा नाहीच. नव्या टाकीचे पहिले सहा आठवडे म्हणजे थेट नवजात शिशूचा काळ होय आणि त्या काळातील बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे असतात.

टाकीला ‘यकृत’ नसते

मासा जे अन्न खातो त्यातील प्रथिनांचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. आपले शरीर या विषारी पदार्थाचे यकृतात युरियामध्ये रूपांतर करते. बहुतेक अस्थिमत्स्यांना तो खटाटोप करावा लागत नाही. ते अमोनिया कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडून देतात. समुद्र अथांग असल्यामुळे तिथे हे खपून जाते. शंभर लिटरच्या काचेच्या पेटीत मात्र सोडलेला अमोनिया तिथेच साठत राहतो.

युरिया-चक्रातील एखादे विकर जन्मतःच नसलेले बाळ आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. जन्मतः ते गोंडस, सुदृढ असते. दूध सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत ते मलूल होऊ लागते, दूध ओढत नाही, श्वास जलद होतो. ज्या आहाराने त्याचे पोषण व्हायचे तोच त्याला विष ठरतो. नव्या टाकीची अवस्था नेमकी अशीच असते. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ, मासे तरतरीत आणि आठवड्याभरात एकेक मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो. पाण्याच्या नितळपणावरून अमोनियाचा अंदाज बांधणे हे बाळाच्या गोऱ्या रंगावरून त्याचे हिमोग्लोबिन ठरवण्यासारखे आहे.

टाकीचे ‘यकृत’ म्हणजे तिच्यातील खडकांवर, वाळूवर आणि गाळणीच्या सच्छिद्र पृष्ठभागांवर वसती करणारे सूक्ष्मजीव. ते आधी वाढवावे लागतात. या क्रियेलाच हौशी मंडळी ‘सायकलिंग’ म्हणतात. आपण तिला नत्रचक्राची प्रस्थापना म्हणू.

दोन पायऱ्यांची पाळी

नत्रीकरण करणारे जीवाणू विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. पहिल्या गटातील सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातील नायट्राइटचे नायट्रेट करतात. पाठ्यपुस्तकांत आपण नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी शिकलो. पुढील संशोधनात असे दिसले की, मत्स्यटाक्यांमध्ये दुसरी पायरी मुख्यत्वे नायट्रोस्पिरा वर्गातील जीवाणू सांभाळतात. पहिल्या पायरीत तर जीवाणूंखेरीज आर्किया या प्राचीन सूक्ष्मजीवांचाही वाटा असतो. अमोनियावर जगणारा असा पहिला आर्किया सिएटल येथील एका सागरी मत्स्यालयाच्या टाकीतून वेगळा करण्यात आला आणि २००५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. समुद्राच्या एका मोठ्या रहस्याचा धागा अशा प्रकारे काचेच्या टाकीत सापडला!

हे सूक्ष्मजीव अत्यंत सावकाश वाढतात. आपला परिचित ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. नत्रीकारक जीवाणूंना त्यासाठी अर्धा दिवस, एक दिवस, कधी त्याहून अधिक लागतो. शिवाय दुसऱ्या गटाचे अन्न पहिल्या गटाने तयार केल्यावाचून त्यांची वाढ सुरू होत नाही. तीन ते सहा आठवडे लागण्याचे कारण हेच. बाटलीतून मिळणारे जिवंत जीवाणू घातल्यास हा काळ कमी होऊ शकतो, पण चाचणीची गरज संपत नाही.

प्रत्यक्ष कृती

आमच्या परिवारातील एका स्नेह्यांनी दहा वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला टाकी आणली. दुकानदाराने टाकी, पाणी आणि सहा मासे एकाच संध्याकाळी दिले. दहाव्या दिवशी शेवटचा मासा गेला. पुढल्या आठवड्यात मुलगा तापासाठी माझ्याकडे आला, तेव्हा त्याने हळूच विचारले, “डॉक्टरकाका, मी त्यांना जास्त खायला दिलं म्हणून ते मेले का?” ताप उतरवणे सोपे होते. या प्रश्नाचे उत्तर देणे अधिक निकडीचे वाटले. मी त्याला म्हटले, “नाही रे बाळा. त्यांचं घर तयार होण्याआधीच त्यांना राहायला बोलावलं गेलं. आता आपण दोघं मिळून आधी घर तयार करू.” त्यानंतर मासे न ठेवता त्याच शंभर लिटरच्या टाकीत आम्ही जे केले, तेच येथे सांगतो.

नळाचे पाणी, मग ते आजव्याचे असो वा महीचे, आपल्याला पिण्यास योग्य असले तरी त्यातील क्लोरीन आणि विरघळलेले क्षार टाकीला नकोसे असतात. म्हणून आरओ आणि त्यापुढे डीआयोनायझेशन केलेले पाणी घ्यावे. त्यात दर लिटरला ३५ ग्रॅमहून किंचित अधिक सागरी क्षार मिसळून पंपाने रात्रभर ढवळत ठेवावे. लक्ष्य दर हजारी ३५ भाग क्षारतेचे, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. क्षारता मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर केवळ शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणावर ते जुळवून घ्यावे. पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश, पीएच ८.१ ते ८.४.

पुढे जीवाणूंना अन्न म्हणून अमोनियम क्लोराइड घालावे. दर लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया मिळण्यासाठी शंभर लिटरला सुमारे ६३० मिलिग्रॅम पुरते. जिवंत माशाला ‘पहिला बळी’ म्हणून सोडण्याची जुनी रीत आता सर्वस्वी त्याज्य मानावी. या काळात दिवे बंद ठेवले तरी चालते, कारण या जीवाणूंना प्रकाश लागत नाही. त्यांना प्राणवायू मात्र भरपूर लागतो. म्हणून पंप अहोरात्र चालू हवा.

चाचण्यांचे वाचन

अमोनियाची नेहमीची चाचणी सॅलिसिलेट पद्धतीची असते. पिवळा रंग हिरव्याकडे झुकतो. ती अमोनिया आणि अमोनियम आयन यांची एकत्रित मात्रा दाखवते. यातील खरे विष म्हणजे विद्युतभार नसलेला अमोनिया, कारण तो पेशींच्या पटलांतून सहज आरपार जातो. यकृतविकारात आपण लॅक्ट्युलोज देऊन आतड्यातील पीएच उतरवतो आणि अमोनियाला आयनरूपात अडकवून ठेवतो. तेच तत्त्व येथे उलट्या दिशेने लागू होते. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. समुद्री टाकीत पीएच ८.२ च्या आसपास असल्याने हा भाग सुमारे ५ ते ८ टक्क्यांवर जातो. त्यामुळे गोड्या पाण्यात खपून जाणारा आकडा येथे घातक ठरतो.

नायट्राइटची चाचणी आपल्या ओळखीची आहे. ती ग्रीस अभिक्रियेवर आधारलेली असते, म्हणजे मूत्रपरीक्षणाच्या पट्टीवर जो गुलाबी चौकोन आपण रोज पाहतो तीच. नायट्राइट म्हटले की बालरोगतज्ज्ञाला मेथहिमोग्लोबिन आठवते. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटमुळे निळसर पडणाऱ्या तान्ह्या बाळांचे वर्णन अमेरिकेतील कॉम्ली यांनी १९४५ साली केले होते. गोड्या पाण्यातील माशांनाही नायट्राइटने असाच विकार होतो, त्यांचे रक्त तपकिरी पडते. समुद्राच्या पाण्यात मात्र दर लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते आणि ते कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देण्यास अडसर घालते. म्हणून समुद्री मासे नायट्राइट बरेच सहन करतात. तरीही आपण ते मोजतो, कारण दुसऱ्या पायरीचे काम कितपत झाले याची ती खूण आहे.

नायट्रेटच्या चाचणीत एक गफलत दडलेली असते. या चाचणीत नायट्रेटचे आधी नायट्राइट केले जाते आणि मग तोच गुलाबी रंग पाहिला जातो. साहजिकच, पाण्यात नायट्राइट शिल्लक असेल तर नायट्रेटचा आकडा फसवा व फुगलेला येतो. म्हणून नायट्राइट शून्यावर आल्याखेरीज नायट्रेट मोजू नये.

एककांकडेही लक्ष हवे. काही संच आकडा ‘नायट्रेट’ म्हणून देतात, काही त्यातील केवळ नत्राचा देतात, दुसऱ्याला ४.४ ने गुणले की पहिला मिळतो. शर्करा मिलिग्रॅममध्ये की मिलिमोलमध्ये, हे पाहिल्याशिवाय आपण इन्सुलिन लिहीत नाही; तीच दक्षता येथेही घ्यावी. नळी तपासणीच्या पाण्यानेच विसळावी, अभिकर्मकाची मुदत पाहावी, बाटली सांगितली असेल तितकी हलवावी, ठरलेल्या मिनिटाला आणि दिवसाच्या उजेडात रंग वाचावा.

वहीतील आलेख

मुलाने दर दोन दिवसांनी आकडे वहीत मांडले. पहिला आठवडाभर अमोनिया २ वरच खिळून होता. “काका, काहीच होत नाहीये,” अशी तक्रार रोज येई. नवव्या दिवशी तो दीडवर आला आणि नायट्राइटचा पहिला गुलाबी रंग उमटला. विसाव्या दिवशी अमोनिया शून्य, परंतु नायट्राइट ५. दोनावरून पाच कसे झाले, हा त्याचा प्रश्न रास्त होता. नत्र तेवढेच राहते, पण त्याला प्राणवायूचे अणू जोडले गेल्याने रेणूचे वजन वाढते. २ मिलिग्रॅम अमोनियापासून जवळपास ५.४ मिलिग्रॅम नायट्राइट आणि पुढे ७.३ मिलिग्रॅम नायट्रेट होते. चौतिसाव्या दिवशी नायट्राइटही शून्यावर आले.

येथेच थांबावयाचे नसते. आम्ही पुन्हा २ मिलिग्रॅम अमोनिया घातला आणि चोवीस तासांनी तपासले. दोन्ही शून्य! बाळाला स्तनपान जमते आहे याची खात्री करूनच आपण घरी सोडतो, त्याच जातीची ही परीक्षा आहे. एखाद्या सुट्या आकड्यापेक्षा आकड्यांचा कल महत्त्वाचा, हे वाढीचा तक्ता भरणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

मासे आल्यानंतर

प्रथम काही पाणी बदलावे. जीवाणू पृष्ठभागांना चिकटलेले असल्याने पाणी बदलल्याने ते जात नाहीत, पण गाळणी क्लोरीनयुक्त नळाखाली धुतल्यास नक्की मरतात. एकावेळी एक-दोनच मासे आणावेत आणि शक्य तर चार आठवडे वेगळ्या टाकीत निरीक्षणाखाली ठेवावेत. जीवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाइतकीच असते. एकदम दहा मासे सोडले तर तीच टाकी पुन्हा नवजात होते. अमोनिया दिसलाच, तर उपचार युरिया-चक्राच्या बाळाचाच: प्रथिने बंद, म्हणजे खाणे थांबवा, आणि ‘डायलिसिस’ करा, म्हणजे बरेचसे पाणी बदला.

सुरुवातीच्या महिन्यांत काचेवर तपकिरी थर आणि मग हिरवे शेवाळ येते. तो रोग नव्हे, टप्पा आहे.

बडोद्याच्या उन्हाळ्यात आणखी एक धोका संभवतो. टाकीतून वाफ होऊन केवळ पाणी उडते, क्षार मागेच राहतात. पंख्याने टाकी थंड ठेवली तर वाफ आणखी वाढते. ही तूट शुद्ध, बिनक्षारी पाण्याने भरावी; खाऱ्या पाण्याने भरल्यास क्षारता दिवसेंदिवस चढत जाते. वैशाखात कमी दूध मिळालेल्या नवजात बाळाचे सोडियम का चढते, हे जाणणाऱ्यास याचे विवरण नको.

प्रवाळांविषयी एक विनंती

पाश्चात्त्य पुस्तकांतील प्रवाळटाक्यांची चित्रे मोहक असतात. आपल्याकडे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. कोणी ते ‘गुपचूप’ देऊ केले तरी घेऊ नयेत. मानवनिर्मित सच्छिद्र खडक जीवाणूंना तितकाच मानवतो. माशांमध्येही संवर्धन केंद्रात जन्मलेल्यांना पसंती द्यावी. क्लाउनफिशचे असे प्रजनन भारतात यशस्वी झाले आहे. खरे प्रवाळ पाहावयाचे असतील तर मुलांना घेऊन जामनगरजवळच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात ओहोटीच्या वेळी जावे. हे वैभव आपल्याच गुजरातच्या किनाऱ्यावर आहे.

त्या मुलाच्या टाकीत आज दोन क्लाउनफिश आहेत. त्याहून मोलाची त्याची वही आहे. डोळ्यांना काहीही दिसत नसताना काहीतरी घडत असते, ते मोजता येते आणि त्यासाठी थांबावे लागते, हे तिने त्याला शिकवले. आपल्या व्यवसायात रोज लागणारा हा धडा ज्यांना मुलांपर्यंत पोहोचवायचा असेल, त्यांनी टाकी अवश्य आणावी. मात्र पहिले सहा आठवडे ती रिकामी ठेवण्याचे धैर्य आधी अंगी बाणवावे.