एकट्या कुत्र्याची भीति

सकाळीं दहाच्या सुमारास घरांतील मंडळी कामाला निघतात, दाराला कुलूप लागतें, आणि थोड्याच वेळांत शेजारच्या बिऱ्हाडांत कुत्र्याचा आक्रोश ऐकूं येऊं लागतो. संध्याकाळीं मालक परततो, तों दाराच्या चौकटीवर नखांचे ओरखडे, पायपुसण्याच्या चिंध्या आणि फरशीवर ओल! कुत्रें कान पाडून कोपऱ्यांत बसलेलें असतें. त्याला आपला अपराध कळला आहे असें समजून मालक त्याला मारतो. येथेंच मोठी चूक होते.

न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजांतील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, मालक रागावला म्हणजे निरपराध कुत्रेंहि तशीच 'अपराधी' मुद्रा करतें. ती पश्चात्तापाची खूण नव्हे. दुपारच्या चिंध्या आणि संध्याकाळचा मार यांचा संबंध कुत्र्याच्या मनांत जुळत नाहीं. ज्याची दिवसभर वाट पाहिली तो आला आणि मारूं लागला, एवढेंच त्याला उमगतें. आणि मुळांतली भीति अधिकच वाढते.

ही भीति विरहाची असते. तान्ह्या मुलाचें आईशीं असलेलें नातें पारखण्यासाठीं मेरी एन्सवर्थ यांनीं योजिलेली कसोटी बुडापेस्टच्या संशोधकांनीं ५१ कुत्र्यांना लावून पाहिली. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, कुत्र्याचें मालकाशीं असलेलें नातें बव्हंशीं त्याच जातीचें आहे. २०२० सालच्या टाळेबंदींत ज्या घरांत पिलें आलीं, तेथें माणसें चोवीस तास सभोवार असत. पिलांना एकटेपणाची संवयच लागली नाहीं. पुढें कचेऱ्या उघडल्या आणि ती उणीव उघडकीस आली.

अर्थात् प्रत्येक नासधूस भीतीपोटीं होत नाहीं; कांहीं कुत्रीं केवळ कंटाळून चपला चावतात. भ्यालेलें कुत्रें मालक गेल्यावर बहुधा पहिल्या अर्ध्या तासांतच रडूं लागतें, दारें-खिडक्या ओरबाडतें, लाळ गाळतें, आणि आवडीच्या खाण्यालाहि शिवत नाहीं. मोबाइलवर चित्रण करून ठेवल्यास हा भेद कळतो.

उपचाराचें तत्त्व साधें आहे. भीति उत्पन्न होणार नाहीं एवढाच विरह द्यावा, आणि तो हळुहळू वाढवावा. मालकानें किल्ल्या उचलाव्या आणि पुन्हां खुर्चींत बसावें. चपला घालून वर्तमानपत्र वाचीत राहावें. असें अनेकदां केल्यावर त्या खुणांची धास्ती ओसरते. मग दाराबाहेर कांहीं क्षणच जावें आणि कुत्रें रडूं लागण्यापूर्वींच परतावें. क्षणांचीं मिनिटें व्हावींत. मधून मधून मुद्दाम थोडक्यांतच परतावें. पोकळ रबरी खेळण्यांत दहीभात भरून ठेवावा. कुत्र्यानें तो चाटला तर ठीक. तसाच टाकला तर विरह मर्यादेबाहेर गेला असें समजून एक पायरी मागें यावें.

हा अभ्यास कित्येक आठवडे, क्वचित् कांहीं महिने चालतो. तेवढ्या काळांत कुत्र्याला दीर्घकाळ एकटें ठेवूं नये. आजोबा, शेजारी किंवा परिचित यांचें साहाय्य घ्यावें. पिंजऱ्यांत कोंडल्यानें दांत आणि नखें दुखावण्याचा संभव असतो. दुसरें कुत्रें आणल्यानेंहि बहुधा भागत नाहीं, कारण त्याला हवें असतें तें माणूस. विकार तीव्र असल्यास पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. त्यासाठीं क्लोमिप्रामिन या औषधाला अमेरिकेंत १९९८ सालींच मान्यता मिळाली. मात्र तें अभ्यासाच्या जोडीनें द्यावयाचें असतें, आणि माणसांच्या गोळ्या आपल्या अंदाजानें देणें धोक्याचें आहे.

शेजाऱ्यांच्या तक्रारींना कंटाळून कोणी कुत्र्याला घराबाहेर काढण्याचा विचार करूं लागतो. एकटें राहण्याला भिणाऱ्या प्राण्याला याहून कठोर शिक्षा कोणती? तो निर्णय घेण्यापूर्वीं किल्ल्या हातांत घेऊन पुन्हां खुर्चींत बसण्याचा हा अभ्यास एकवार मनापासून करून पाहावा.